रेडिएशननंतरचा जबडा आणि ऑक्सिजनची टाकी

तोंडाच्या कॅन्सरचा इलाज ज्या घराने पाहिला आहे, त्या घराला रेडिएशनचा शेवटचा दिवस चांगला लक्षात असतो. सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, तोंडात छाले, घशाखाली फक्त पेज आणि दूध. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, आता यायची गरज नाही, तीन महिन्यांनी दाखवा. घरात शुक्राना अदा होतो, नातेवाईक भेटायला येतात. कॅन्सरपुरते बोलायचे तर इलाज खरोखर संपलेला असतो. मात्र ज्या जबड्यातून ते किरण गेले, त्या जबड्याचे हाड पूर्वीसारखे कधीच होत नाही. दोन वर्षांनी, सात वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा एक दात काढण्याचे निमित्त होते आणि जखम भरतच नाही. हिरडीतून पिवळसर हाड डोकावू लागते.

या आजाराला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. नाव लांबलचक असले तरी अर्थ सरळ आहे: ऑस्टिओ म्हणजे हाडाचे, रेडिओ म्हणजे किरणांमुळे, नेक्रोसिस म्हणजे मरणे. आम्ही उर्दू आणि मराठीचे शिक्षक, डॉक्टर नाही. पण मोहल्ल्यातील एका घरावर हा प्रसंग आला तेव्हा इंग्रजीतले कागद वाचून सांगण्याचे काम आमच्याकडे आले. त्या निमित्ताने पुष्कळ वाचले, तज्ज्ञांना विचारले. आपल्याकडे दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक लोकांना ओठ आणि तोंडाचा कॅन्सर होतो. त्यातल्या अनेकांना रेडिएशन घ्यावे लागते. म्हणून हा विषय एका घरापुरता ठेवावासा वाटला नाही.

किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, पण वाटेत येणाऱ्या चांगल्या ऊतींनाही ते सोडत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमध्ये साधारणपणे ६० ते ७० ग्रे इतका डोस ३० ते ३५ भागांत विभागून दिला जातो. या माऱ्यात हाडातील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, काही बंद पडतात. हाड झिजल्यावर नवे हाड घालणाऱ्या पेशी कमी होतात. खालच्या जबड्याला याचा जास्त फटका बसतो, कारण त्याचे हाड घट्ट असते आणि त्याला मुख्यतः एकाच धमनीतून रक्त मिळते. वरच्या जबड्याला रक्ताच्या वाटा अधिक आहेत, म्हणून तो तुलनेने वाचतो. एरवी असे हाड शांत पडून राहते, रोजचे काम कसेबसे भागवते. दात उपटला, कवळी टोचली, दात किडून पू झाला की त्याला दुरुस्तीचे काम येते, आणि दुरुस्तीसाठी लागणारे रक्त व ऑक्सिजन तिथे पोहोचत नाही. कधी कधी तर काही निमित्त न होताही हाड उघडे पडते.

त्यात लाळेचा प्रश्न. किरणांच्या वाटेत लाळग्रंथी आल्या तर तोंड कायमचे कोरडे होते. लाळ दातांना धुते, आम्लापासून वाचवते. ती आटली की चांगले दातही वर्ष-दोन वर्षांत हिरडीच्या कडेने किडू लागतात. म्हणजे ज्या माणसाने दात काढणे टाळायला हवे, त्याचेच दात सर्वांत लवकर खराब होतात. या आजाराची खरी अडचण इथे आहे.

आमच्या मोहल्ल्यातील चाचांचे असेच झाले. रेडिएशनला सात वर्षे उलटली होती. खालची दाढ दुखायला लागली. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ती काढून घेतली. तिथे कोणी जुन्या आजाराबद्दल विचारले नाही. पाच महिने झाले तरी खड्डा भरेना, तोंडाला वास येऊ लागला, खालचा ओठ एका बाजूने बधिर झाला. आम्ही विचारले, “चाचा, दात काढताना शेक घेतल्याचं सांगितलं होतं का?” ते म्हणाले, “अरे बेटा, सात वर्षं झाली त्याला. दात काढायला कॅन्सरचं काय काम?”

हा सवाल चुकीचा नाही, कुणालाही असेच वाटेल. म्हणून स्पष्ट लिहितो. डोके-मान या भागात कधीही रेडिएशन झाले असेल, मग त्याला वीस वर्षे झालेली असोत, तर दातांच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ते सांगावे. सोबत रेडिएशनच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत न्यावी. कोणत्या बाजूला किती ग्रे दिले, हे त्यावर लिहिलेले असते. आमच्या लोकांत या उपचाराला कुणी ‘शेक’ म्हणते, कुणी ‘लाईट’, कुणी ‘करंट’. शब्द कोणताही वापरा, पण सांगा. ज्या भागाला जास्त डोस मिळालेला आहे, तिथला दात उपटण्याऐवजी शक्य असेल तर रूट कॅनाल करतात, वरचा भाग कापून मूळ तसेच ठेवतात. उपटायलाच लागला तर हाडाला कमीत कमी इजा होईल अशा बेताने, अँटिबायोटिक देऊन उपटतात.

ज्यांचे रेडिएशन अजून व्हायचे आहे, त्यांच्यासाठी वेळ हातातून गेलेली नाही. सुरू होण्याआधी दातांची पूर्ण तपासणी करून घ्यावी. वाचण्यासारखे नसलेले दात आधीच, किरण सुरू होण्यापूर्वी किमान दोन आठवडे काढले म्हणजे हिरडी भरून येते. त्यानंतर फ्लोराईडचा वापर जन्मभर. कॅन्सरच्या धास्तीत घरचे लोक म्हणतात, दातांचे नंतर बघू. हे ‘नंतर’ फार महागात पडते.

आता ऑक्सिजनकडे येऊ, कारण चाचांच्या घरी मुख्य चर्चा त्यावरच होती. शहरातील डॉक्टरांनी मुलाला सांगितले होते: शस्त्रक्रियेआधी हायपरबेरिक ऑक्सिजनची तीस सेशन्स, नंतर दहा. मुलाचे छोटे दुकान. चाळीस दिवसांचा खर्च, वर मुंबईत राहण्याचा प्रश्न. त्याने आम्हाला एवढेच विचारले, “याने अब्बांचा जबडा वाचेल का?”

हायपरबेरिक म्हणजे वाढीव दाबाखालचा. रुग्णाला एका बंद कक्षात ठेवतात, आतला दाब वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन श्वासातून देतात. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी ते एका वाक्यात समजावले: सोड्याची बाटली आठवा. दाबाखाली वायू पाण्यात विरघळून राहतो, झाकण उघडले की बुडबुडे येतात. रक्तातही तसेच. एरवी आपला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेते. पातळ भागात विरघळलेला ऑक्सिजन असतो दर १०० मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर हा आकडा सहाच्या आसपास जातो. १९६० साली ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद बोएरेमा यांनी डुकरांच्या अंगातले जवळपास सर्व हिमोग्लोबिन काढून त्यांना अशा कक्षात जिवंत ठेवून दाखवले. रक्ताच्या तांबड्या पेशींशिवाय, केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनवर.

जबड्यासाठी ही पद्धत नावारूपाला आणली ती अमेरिकेचे रॉबर्ट मार्क्स यांनी. त्यांच्याआधी डॉक्टरांचा समज असा होता की किरण, जखम आणि जंतू या तिघांच्या मेळाने हाड सडते, म्हणजे मुख्यतः हा जंतुसंसर्ग आहे. मार्क्स यांनी हाडाच्या खोल भागातले नमुने तपासले तर जंतू वरवरच होते, आत नव्हते. १९८३ मध्ये त्यांनी मांडले की मूळ दोष ऑक्सिजन, पेशी आणि रक्तवाहिन्या कमी पडण्याचा आहे. मग इलाजही तसाच: वातावरणाच्या २.४ पट दाब, म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खोल गेल्यावर अंगावर येतो तेवढा, ९० मिनिटे ऑक्सिजन, अशी तीस सेशन्स. भरपूर ऑक्सिजन असलेला भाग आणि उपाशी भाग यांच्यातला फरक वाढला की शरीर त्या दिशेने नव्या केशवाहिन्या पाठवते, हा त्यामागचा विचार. सशांच्या जबड्यावरील प्रयोगात तशा नव्या वाहिन्या दिसल्याही. एक गोष्ट मात्र लोक सांगताना गाळतात. मेलेले हाड ऑक्सिजनने जिवंत होते, असे खुद्द मार्क्स यांचेही म्हणणे नव्हते. त्यांच्या पद्धतीत मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढायचेच होते. ऑक्सिजन कडेच्या जिवंत ऊतींना त्या शस्त्रक्रियेसाठी तयार करणार होता.

१९८५ मध्ये त्यांनी आणखी एक अभ्यास छापला. रेडिएशन झालेल्या ७४ रुग्णांचे दात काढायचे होते. निम्म्यांना पेनिसिलिन, निम्म्यांना दात काढण्याआधी वीस आणि नंतर दहा सेशन्स. पेनिसिलिनच्या ३७ जणांपैकी ११ जणांचे हाड सडले, ऑक्सिजनच्या ३७ पैकी फक्त दोघांचे. या आकड्यांनी जगभर कक्ष उभे राहिले. वीस-पंचवीस वर्षे ही गोष्ट जवळपास ठरल्यासारखीच होती.

नंतर चित्र बदलले, आणि हे बदललेले चित्र आपल्या घरांपर्यंत पोहोचत नाही. २००४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी ६८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खरा ऑक्सिजन, काहींना तसाच कक्ष पण नुसता दिखाऊ उपचार, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही. वर्षाने पाहिले तर ऑक्सिजनच्या ३१ पैकी सहा जण बरे झाले आणि दिखाऊ उपचाराच्या ३७ पैकी बारा. चाचणी मधेच थांबवावी लागली. मार्क्स यांच्या बाजूच्यांनी आक्षेप घेतला की इथे ऑक्सिजन शस्त्रक्रियेच्या जोडीने नव्हे, तिच्याऐवजी वापरला गेला. आक्षेपात तथ्य आहे. पण एकटा ऑक्सिजन हाड भरत नाही, हे त्या चाचणीने दाखवले ते दाखवलेच.

दात काढण्याआधीच्या प्रतिबंधक सेशन्सबद्दल २०१९ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेली ‘होपॉन’ ही चाचणी आली. १४४ रुग्ण घेतले होते, शेवटी शंभर जणांचा हिशेब लागला. ऑक्सिजन घेतलेल्या ४७ पैकी तिघांना सहा महिन्यांत हा आजार झाला. न घेतलेल्या ५३ पैकीही तिघांनाच. दोन्ही गटांना अँटिबायोटिक आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिलेल्या होत्या. १९८५ च्या पेनिसिलिन गटात दहापैकी तिघांना होणारा त्रास इथे शंभरात सहा जणांवर आलेला आहे, हेही बघण्यासारखे आहे. आजचे रेडिएशन अधिक नेमके असते आणि दात काढण्याची काळजीही वाढली आहे, असे याचे कारण दिले जाते. म्हणून आता प्रत्येक दातासाठी सरसकट ऑक्सिजन देण्याचा सल्ला दिला जात नाही. जबड्याच्या मोठ्या भागाला मोठा डोस मिळालेला असेल तर डॉक्टर त्याचा विचार करू शकतात.

आजार झाल्यानंतर, शस्त्रक्रियेच्या जोडीने? चाचांच्या घराचा प्रश्न हाच होता. २०२२ मध्ये युरोपातील दोन चाचण्यांचे आकडे एकत्र करून प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि ऑक्सिजन मिळालेल्यांपैकी ७० टक्के बरे झाले, नुसत्या शस्त्रक्रियेवर ५१ टक्के. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण हिशेबात रुग्ण होते अवघे ६५, आणि एवढ्या थोड्या लोकांत असा फरक योगायोगानेही पडू शकतो. खात्री देता येत नाही, शक्यता नाकारताही येत नाही. मुलाला आम्ही हेच सांगितले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसले की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे होते.

त्याने मग डॉक्टरांनाच विचारले आणि त्यांनीही वेळ देऊन समजावले. आधी बायोप्सी झाली, कारण जखम न भरण्यामागे कॅन्सरच परत आलेला नाही ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. हाड मोडलेले नव्हते, पण बराच भाग मेलेला होता. घराने सेशन्स घेण्याचे ठरवले. चाचा बहिणीकडे मुंबईत राहिले.

कक्ष दोन प्रकारचे असतात. एकात एकच रुग्ण पारदर्शक नळीत झोपतो, दुसऱ्यात अनेक जण बसून मास्क किंवा डोक्यावरील टोपातून ऑक्सिजन घेतात. चाचांचा पहिला प्रकार होता. ते त्याला ‘पाणबुडी’ म्हणत. दाब वाढताना कान दडे बसतात, विमानात बसतात तसे, त्यासाठी थुंकी गिळावी लागते. कोरड्या तोंडाच्या माणसाला गिळायला थुंकी कुठून आणायची? शेवटी नाक दाबून हलकेच हवा ढकलायला त्यांना शिकवले. आत जाताना शुद्ध सुती कपडे, अंगावर काही नाही. तेल, अत्तर, सुरमा, मोबाईल, काडीपेटी, सगळे बाहेर. जुम्म्याच्या दिवशीही अत्तर लावून येऊ नका, असे तिथल्या सिस्टरने बजावले होते. ही कटकट नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे आग. १९९७ मध्ये इटलीतील मिलान शहरात अशा कक्षात आग लागून अकरा जण दगावले होते.

मधुमेह असेल तर कक्षात साखर उतरते, म्हणून काही खाऊन आणि साखर तपासूनच आत सोडतात. रमजानच्या दिवसांत सेशन्स आली तर रोज्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. काहींची दूरची नजर महिना-दोन महिने धूसर होते आणि बहुधा आपोआप पूर्वीसारखी होते. त्यामुळे मधेच नवा चष्मा करू नये. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर हा उपचार अजिबात देत नाहीत. ब्लिओमायसिनसारखे केमोचे औषध पूर्वी घेतले असेल तर तेही सांगावे. ऑक्सिजनने झटका येणे क्वचित घडते, पण घडते.

चाचांची तीस सेशन्स झाली, शस्त्रक्रियेत मेलेले हाड काढले, मग दहा सेशन्स. हिरडी मिटली. ओठ अजून बधिर आहे, तोंड दोन बोटे उघडते. मुलगा म्हणतो ऑक्सिजनने वाचवले. डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, शस्त्रक्रियेने की ऑक्सिजनने, एका रुग्णावरून मला सांगता येणार नाही. आम्हाला हे उत्तर आवडले. ज्याच्याकडे कक्ष आहे तो असे बोलतो, म्हणजे माणूस भरवशाचा.

कारण भरवशाचे नसलेलेही आहेत. सुरकुत्या, तारुण्य, मुलांचा ऑटिझम, अशा कशाकशासाठी ऑक्सिजन कक्षाच्या जाहिराती येतात. किरणांची उशिरा दिसणारी इजा हे या उपचाराचे मान्यताप्राप्त कारण आहे, ही यादी तशी छोटी आहे. शिवाय फुगवायच्या पिशवीसारखे मऊ कक्ष मिळतात, त्यांत दाब साधारण १.३ पटच होतो. जबड्याच्या सगळ्या अभ्यासांतला दाब त्याहून खूप अधिक, २.४ पटीच्या आसपासचा होता. पैसे भरण्याआधी दाब किती आणि देखरेखीला प्रशिक्षित डॉक्टर कोण, हे विचारावे. मुंबईत या शास्त्राचा जुना अनुभव नौदलाकडे आहे, पाणबुड्यांच्या आजारांमुळे.

ऑक्सिजन परवडला नाही किंवा मिळाला नाही तर सगळे संपले, असे समजू नये. आजार थोडा असेल तर पेंटॉक्सिफायलिन हे रक्त पातळपणे वाहू देणारे औषध आणि ई जीवनसत्त्व एकत्र देतात. गोळ्या घरी घेता येतात, मात्र महिनोन्महिने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सुटलेला हाडाचा तुकडा काढणे, तोंडाची स्वच्छता, अँटिबायोटिक यांनीही कित्येकांची हिरडी मिटते. आजार फार पुढे गेला, हाड मोडले, गालातून पू बाहेर येऊ लागला तर तो भाग कापून पायाच्या पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह तिथे बसवतात. १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही रीत वापरल्याचे प्रसिद्ध केले, आज ती आपल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत होते. पाय चालता राहतो, कारण वजन मुख्यतः दुसऱ्या हाडावर असते.

तंबाखू मात्र कोणत्याही इलाजाला चालू द्यायचा नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे आमच्या सातवीच्या मुलांनाही ठाऊक आहे. आणि आपल्या दावतींतील पानाबद्दल: तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. रेडिएशन झालेल्या बुजुर्गांपुढे अदबीने पानदान सरकवणारी सून आम्ही पाहिली आहे.

चाचांच्या सुनेने मात्र दुसरेच काम केले. एका जाड कार्डावर मराठीत आणि उर्दूत लिहून ते त्यांच्या कुर्त्याच्या खिशात घातले: तोंडाला रेडिएशन झालेले आहे, कोणत्या वर्षी, कोणत्या बाजूला, किती ग्रे, कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन. खाली एक ओळ: दात काढण्यापूर्वी या नंबरवर विचारावे. चाचा आधी चिडले, आता हज्जामाच्या दुकानातही ते काढून दाखवतात.